नळीतून फीड चालू असताना जुलाब होत असतील, तर पेप्टाइड प्रोटीन द्यावं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी काय गृहीत धरून लिहितेय ते स्पष्ट होईल.

तुमचे वडील ६८ वर्षांचे, वजन ५२ किलो. पक्षाघातानंतर गिळता येत नाही, म्हणून नाकातून पोटात राइल्स ट्यूब आहे. घरी आणल्यापासून दोन आठवडे दिवसाला पाच-सहा वेळा पातळ शौचाला होतंय. रक्तातलं अल्ब्युमिन (यकृतात बनणारं एक प्रोटीन) २.६, म्हणजे कमी आलंय. दिवसभरात अर्धा लिटर दूध, डाळीचं पाणी, तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व, मोसंबीचा रस आणि शहाळ्याचं पाणी जातं. रुग्णालयात अँटिबायोटिक झालं होतं. आता पोटॅशियमचं सिरप, पॅरासिटामॉलचं सिरप आणि 'पोट साफ राहावं म्हणून' दिलेलं लॅक्टुलोज चालू आहे. औषधाच्या दुकानात तुम्हाला सांगितलं, "साधं प्रोटीन त्यांना पचत नाहीये, पेप्टाइड प्रोटीन द्या, ते थेट रक्तात जातं." डबा बराच महाग आहे, आणि घ्यावा का, घेतला तर किती चमचे द्यावा, असं तुम्ही विचारलंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. जुलाब कशाने होतायत हा एक, आणि बाबांच्या पोटात पुरेसं प्रोटीन जातंय का हा दुसरा. तुम्ही दिलेल्या माहितीवरून या दोन्हींचं उत्तर पेप्टाइड नाही. आत्ता तो डबा घेऊ नका, असं माझं मत आहे. पण मी त्यांना तपासलेलं नाही. त्यांना पूर्वी स्वादुपिंडाचा आजार झाला असेल, आतड्याचा भाग काढला असेल, पोटावर रेडिएशन झालं असेल, आतड्याचा टीबी किंवा क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज येण्याचा आजार) असेल, तर माझं उत्तर बदलेल. त्यामुळे नुसतं हो किंवा नाही न सांगता मी कसा विचार करते ते सविस्तर लिहिते. तुमच्या डॉक्टरांशी बोलताना त्याचा जास्त उपयोग होईल.

आधी पचनाचं थोडं समजून घेऊ. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. जठरात पेप्सिन ती तोडायला सुरुवात करतं. खरं काम होतं लहान आतड्यात, स्वादुपिंडातून येणाऱ्या ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिनसारख्या एन्झाइम्समुळे. त्यातून काही सुटी अमिनो आम्लं मिळतात, पण मोठा वाटा असतो छोट्या तुकड्यांचा, म्हणजे पेप्टाइड्सचा. आतड्याच्या आतल्या पेशींच्या कडेवर आणखी एन्झाइम्स असतात, ती हे तुकडे अजून बारीक करतात. शेवटी दोन किंवा तीन अमिनो आम्लांचे तुकडे उरतात आणि ते तसेच पेशीच्या आत ओढून घेतले जातात.

पूर्वी असं मानलं जायचं की प्रोटीन पूर्ण सुटं झाल्याशिवाय शोषलंच जात नाही. १९७० च्या दशकात मानवी आतड्यावर झालेल्या प्रयोगांनी हा समज बदलला. तेवढंच नायट्रोजन (प्रोटीन मोजायचं माप) सुट्या अमिनो आम्लांऐवजी छोट्या पेप्टाइड्सच्या रूपात दिलं, तर ते बऱ्याचदा लवकर शोषलं जातं, असं दिसलं. हार्टनप नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात काही अमिनो आम्लं आत घेणारा वाहक काम करत नाही. पण तीच अमिनो आम्लं पेप्टाइडमधून दिली, तर या रुग्णांच्या आतड्यातूनही शोषली जातात. म्हणजे पेप्टाइड्सची वाट वेगळी आहे. या वाटेवरच्या वाहकाला पेप्ट-१ म्हणतात आणि १९९४ मध्ये त्याचं जनुक सशाच्या आतड्यातून वेगळं करण्यात आलं. सेफॅलेक्सिनसारखी काही अँटिबायोटिक्सही याच वाहकावरून आत जातात. आतड्याच्या कडेला इजा झाली किंवा बराच काळ उपास घडला, तरी हा वाहक बऱ्यापैकी टिकून राहतो. पेप्टाइड फीडमागचा शास्त्रीय आधार हा आहे आणि तो भक्कम आहे.

आता दुकानदाराच्या "थेट रक्तात जातं" या वाक्याकडे येऊ. पेशीच्या आत शिरलेल्या या तुकड्यांपैकी बहुतेकांचे तिथेच पुन्हा तुकडे होतात आणि यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मुख्यतः सुटी अमिनो आम्लंच उतरतात. अंड्यातून आलेलं असो, मुगाच्या डाळीतून की महागड्या डब्यातून, रक्तात पोचताना सगळं जवळपास एकाच रूपात असतं. पेप्टाइडने वाचते ती आतड्याच्या पोकळीत साखळी तोडायची मेहनत. ती मेहनत करायला ज्याचं स्वादुपिंड आणि आतडं धडधाकट आहे, त्याला ती वाचवून फारसं काही मिळत नाही. बाबांचा आजार मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आहे. गिळण्याचे स्नायू कमजोर झालेत, पण नळीने ती अडचण ओलांडली आहे. त्याच्या पुढचं पोट आणि आतडं, तुम्ही सांगितलंय त्यावरून, पूर्वीसारखंच आहे.

मग पेप्टाइड नेमकं कुणाला लागतं? माझ्याकडे स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर एक बाई होत्या, चाळिशीतल्या. नाकातून थेट लहान आतड्यापर्यंत नळी होती, पंपावर साधं फीड चालू होतं. फीड व्यवस्थित चढत होतं, कागदावर कॅलरी आणि प्रोटीन पूर्ण होतं, तरी वजन उतरत होतं. वॉर्डातल्या सिस्टरांनी मला बेडपॅन दाखवलं. शी फिकट, राखाडी, भांड्याला चिकटलेली, वर तेलाचा तवंग, आणि वास असा की पडद्यापलीकडच्या खाटेपर्यंत जावा. हे पाण्यासारखे जुलाब नव्हते, न पचलेली चरबी बाहेर पडत होती. शौचातलं इलॅस्टेस, म्हणजे स्वादुपिंडाचं एक एन्झाइम तपासलं, ते २०० च्या खूप खाली आलं. म्हणजे स्वादुपिंडातून एन्झाइम्स जेमतेम येत होती. अशा वेळी एन्झाइमच्या कॅप्सूल देतात, पण त्यातले दाणे बारीक नळीत अडकतात आणि कुटून दिले तर जठरातल्या आम्लापासून वाचवणारं त्यांचं आवरण मोडतं. तिथे आम्ही पेप्टाइडवर आधारित फीड निवडलं, ताशी २० मिलीपासून सुरू करून हळूहळू वाढवलं. काही दिवसांत शौच घट्ट व्हायला लागलं आणि वजनाची घसरण थांबली. पुढे त्या तोंडाने खायला लागल्या, जेवणाबरोबर कॅप्सूल सुरू झाल्या, तेव्हा पेप्टाइड बंद करून साध्या जेवणावर आणलं.

या उदाहरणात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. संपूर्ण आहार म्हणून बनवलेल्या पेप्टाइड फीडमध्ये प्रोटीन तोडलेलं असतंच, शिवाय त्यातल्या चरबीचा मोठा हिस्सा एमसीटी, म्हणजे मध्यम लांबीच्या साखळीचा असतो. ही चरबी पचायला स्वादुपिंडाचं एन्झाइम आणि पित्त फारसं लागत नाही आणि ती सरळ यकृताकडे जाते. त्या बाईंना झालेला फायदा किती पेप्टाइडचा आणि किती एमसीटीचा, हे वेगळं काढता येत नाही. माझ्या अनुभवात चरबीचं अपचन हे प्रोटीनच्या अपचनापेक्षा जास्त वेळा मूळ कारण असतं. म्हणून नुसती 'पेप्टाइड प्रोटीन पावडर' फीडमध्ये मिसळून तो परिणाम मिळेल, अशी अपेक्षा धरू नका. आणि कोकणातून हमखास विचारलं जातं म्हणून इथेच सांगते. खोबरेल तेल म्हणजे एमसीटी तेल नव्हे. त्यात खऱ्या अर्थाने मध्यम साखळीची, आठ आणि दहा कार्बनची आम्लं साधारण १५ टक्केच असतात. सर्वात मोठा वाटा लॉरिक आम्लाचा असतो आणि ते बरंचसं लांब साखळीच्या चरबीसारखंच वागतं.

याशिवाय आतड्याचा बराच भाग काढल्यावर किंवा वरच्या आतड्याचा स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) खूप वाहत असताना साधं फीड झेपत नसेल, रेडिएशनने आतडं सुजलेलं असेल, बाकीची कारणं तपासूनही जुलाब थांबत नसतील आणि शोषण होत नसल्याची शंका असेल, तर मी पेप्टाइडचा विचार करते. गाईच्या दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी असलेल्या तान्ह्या बाळांचं फॉर्म्युलाही प्रोटीन खूप बारीक तोडूनच बनवतात. तिथे हेतू वेगळा असतो. तुकडे इतके लहान करायचे की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना ओळखू नये. अर्धवट तोडलेलं फॉर्म्युला त्या बाळांना चालत नाही आणि ॲलर्जी फार तीव्र असेल तर थेट सुट्या अमिनो आम्लांचं फॉर्म्युला लागतं.

आता उलट बाजू. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी अमेरिकेतल्या ॲस्पेन (रुग्णांच्या पोषणाची संस्था) आणि एससीसीएम (अतिदक्षता उपचारांची संस्था) यांनी २०१६ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात सुरुवात साध्या, अखंड प्रोटीनच्या फीडनेच करायला सांगितलं आहे. जुलाब टिकून राहिले आणि शोषणाची शंका असेल किंवा आहारातल्या तंतूंचा (फायबरचा) उपयोग झाला नाही, तर छोट्या पेप्टाइडच्या फीडचा विचार करा, असं ते म्हणतात. तीव्र स्वादुपिंडदाहात तर पेप्टाइड हवंच, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण युरोपातल्या एस्पेन या पोषणाच्या संस्थेने २०२० मध्ये तिथेही साधं फीडच सुचवलं आहे. क्रोन्सच्या मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त फॉर्म्युल्यावर ठेवतात, त्या उपचारातही साध्या प्रोटीनच्या आणि तोडलेल्या प्रोटीनच्या फॉर्म्युल्यात आजार आटोक्यात आणण्याच्या बाबतीत ठळक फरक दिसलेला नाही. आतडं आजारी आहे एवढ्यावरून पेप्टाइड लागतंच असं होत नाही, आणि बाबांचं आतडं तर आजारीही दिसत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात असं: पचवण्यात किंवा शोषण्यात खरी अडचण असेल, तिथे पेप्टाइड कामाचं आहे. बाबांच्या बाबतीत तशी खूण अजून दिसत नाही. आता त्यांच्या फीडकडे वळू, कारण मला जास्त काळजी तिथली वाटते.

तुम्ही लिहिलेल्या पदार्थांचा मी ढोबळ हिशेब केला. अर्ध्या लिटर दुधातून साधारण १६ ग्रॅम प्रोटीन. पेज आणि नाचणीचं सत्त्व मिळून चार-पाच ग्रॅम. डाळीच्या पाण्यातून एक-दोन ग्रॅम. मोसंबी आणि शहाळं जवळजवळ शून्य. सगळं मिळून २५ ग्रॅमच्या आत आणि कॅलरी ७०० ते ८००. वयस्क आणि आजारी माणसाला किलोमागे निदान १.२ ग्रॅम प्रोटीन हवं, म्हणजे ५२ किलोला साधारण ६२ ग्रॅम. कॅलरी किलोमागे ३० च्या आसपास, म्हणजे दिवसाला दीड हजार. बाबांना प्रोटीन निम्म्याहून कमी मिळतंय आणि कॅलरी जेमतेम निम्म्या. "पचत नाहीये" असं जे सांगितलं गेलं, ते पोटात गेलेलंच नाही. कॅलरी इतक्या कमी असताना वर महागडी प्रोटीन पावडर घातली, तर शरीर त्यातलं बरंचसं नुसतं सरपणासारखं जाळून टाकेल, स्नायूंच्या वाट्याला थोडंच येईल.

डाळीच्या पाण्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण जवळपास प्रत्येक घरात हेच चाललेलं असतं. नळी तुंबू नये म्हणून डाळ शिजवायची, वरचं निवळ पाणी काढायचं, ते पुन्हा गाळणीतून गाळायचं. गाळणीत जो पिवळा गाळ उरतो, बाबांना हवं असलेलं प्रोटीन त्यात असतं आणि तो सिंकमध्ये जातो. सालं काढलेली मुगाची डाळ प्रेशर कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा, शिजवतानाच पुरेसं पाणी घाला, मिक्सरमध्ये लोण्यासारखी बारीक करा आणि मगच गाळा. गाळणीत जवळपास काही उरलं नाही, तर काम बरोबर झालं. फीडच्या आधी आणि नंतर २०-३० मिली स्वच्छ पाणी नळीतून सोडलं की तुंबायचा प्रश्न सहसा येत नाही.

एका दिवसाचा नमुना देते. तुमच्या आहारतज्ज्ञांनी तो बाबांच्या साखरेप्रमाणे आणि क्रिएटिनिनप्रमाणे (मूत्रपिंडाची तपासणी) बदलावा. साधं, लॅक्टोज (दुधातली साखर) नसलेलं तयार फीड ६०० मिली दिलं तर त्यातून साधारण २४ ग्रॅम प्रोटीन मिळेल. ४० ग्रॅम डाळ वर सांगितल्याप्रमाणे केली तर नऊ-दहा ग्रॅम. दोन अंडी पूर्ण उकडून, बारीक करून दिली तर १२-१३ ग्रॅम. कच्चं अंडं मात्र फीडमध्ये कधीही घालू नका. ३०० ग्रॅम ताजं दही पातळ करून दिलं तर नऊ-दहा ग्रॅम. तांदूळ-नाचणी मिळून ६० ग्रॅमची चांगली शिजवलेली पातळ पेज, तिचे चार-पाच ग्रॅम. झालं ६० च्या आसपास. दिवसभरात मिळून चार चमचे तेल विभागून घातलं की कॅलरीही दीड हजारांच्या जवळ जातात. अंडी चालत नसतील तर साधी व्हे (दुधाच्या निवळीतल्या) प्रोटीनची पावडर १५ ग्रॅम घ्या, त्यातून ११-१२ ग्रॅम मिळतं आणि तिचा खर्च पेप्टाइड फीडच्या डब्यापेक्षा बराच कमी येतो. ज्यांना परवडतं त्यांनी पूर्ण दिवस साध्या तयार फीडवर ठेवलं तरी हरकत नाही, उलट ते मोजायला सोपं जातं.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आकडे बदलतील. तिथेही पेप्टाइडने काही सूट मिळत नाही. प्रोटीन तोडलेलं असो वा अखंड, तेवढ्याच ग्रॅमला युरिया साधारण तेवढाच तयार होतो.

आता जुलाब. नळीतून फीड घेणाऱ्या माणसाला जुलाब लागले की घरचेच काय, रुग्णालयातही आधी फीडला दोष दिला जातो आणि फीड कमी केलं जातं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा हा प्रकार. मी आधी औषधांची पिशवी मागवते. तुमच्या यादीतली तीन नावं वाचूनच मी थांबले. पोटॅशियमचं सिरप फार तीव्र असतं. ते पातळ न करता नळीत सोडलं तर शरीरातलं पाणी आतड्याच्या पोकळीत ओढलं जातं आणि जुलाब होतात. कित्येक सिरपमध्ये गोडव्यासाठी सॉर्बिटॉल असतं. ते लहान आतड्यात नीट शोषलं जात नाही आणि दिवसभराची सगळी सिरप मिळून १०-२० ग्रॅम पोटात गेलं तर कुणालाही पातळ होईल. पॅरासिटामॉलच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, त्यात सॉर्बिटॉल लिहिलंय का पाहा. आणि लॅक्टुलोज हे पोट साफ करण्याचंच औषध आहे. जुलाब चालू असताना ते अजून का चालू आहे, हे उद्याच डॉक्टरांना विचारा. स्वतःहून काही बंद करू नका, विशेषतः पोटॅशियम. पण कुठली गोळी कुटून देता येईल, सिरप किती पाण्यात पातळ करायचं आणि पोटॅशियमची गरज अजून आहे का, हे फोनवरसुद्धा विचारता येतं.

दुसरं, अँटिबायोटिक. त्यानंतर आठवडाभराने, कधी महिन्यानेही क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे जुलाब होऊ शकतात. ताप, पोट फुगणं, पोट दुखणं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढणं यांपैकी काही सोबत असेल तर शौचाची तपासणी लवकर करून घ्या. ते होईपर्यंत जुलाब थांबवायच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका.

तिसरं कारण अंथरुणाला खिळलेल्या वयस्कर माणसांत सर्रास दिसतं आणि सर्रास सुटतं. खाली घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ शौच झिरपत राहतं. बाहेरून ते जुलाबच दिसतात. डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी बोटाने तपासलं की लगेच कळतं. थोडं थोडं, सतत, कपड्याला डाग पडल्यासारखं होत असेल तर याची शंका घ्या.

चौथं, स्वच्छता. सकाळी एकदाच फीड करून दिवसभर वापरता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरी भेट द्यायला जाते तेव्हा मी आधी ओट्यावरचं मिक्सरचं भांडं पाहते. पात्याच्या खालच्या रबरी वॉशरच्या खाचेत कालच्या पेजेचा थर असतो. दुपारच्या फीडचं पातेलं झाकण ठेवून खिडकीत असतं. घरातल्या कुणी कामचुकारपणा केलेला नसतो, कुणी सांगितलेलंच नसतं. वॉशर रोज काढून धुवा, भांड्यात उकळतं पाणी ओता. केलेलं फीड खोलीच्या तापमानाला फार तर दोन तास ठेवा, उरलेलं झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसाला वापरू नका. सिरिंज प्रत्येक वेळी सुटी करून धुवा आणि वाळवा.

आणि वेग. २०० मिली फीड सिरिंजचा दट्ट्या दाबून दोन मिनिटांत ढकललं तर चांगल्या पोटालाही ते सोसत नाही. दट्ट्या काढून टाका, सिरिंज वर धरा, आपल्या वजनाने उतरू द्या, १५-२० मिनिटं लागू द्या. डोकं आणि छाती ३० ते ४५ अंश वर ठेवा आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच असू द्या. दुधाने त्रास होतो असं वाटलं तर काही दिवस दुधाऐवजी दही देऊन बघा, लॅक्टोज कमी असल्याने ते बहुतेकांना सोसतं.

अल्ब्युमिनबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण २.६ हा आकडा दाखवूनच हे डबे विकले जातात. शरीरात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं आणि असलेलं रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं. यकृताच्या आजारात, लघवीतून प्रोटीन जात असेल तेव्हाही ते उतरतं. पक्षाघात, रुग्णालयातला मुक्काम, कदाचित छातीचा संसर्ग, एवढं झाल्यावर ते कमी येणं अपेक्षितच आहे. शिवाय त्याचा अर्धा आयुष्यकाळ साधारण २० दिवसांचा, म्हणजे आज दिलेल्या प्रोटीनचा परिणाम त्यात आठवड्याभरात शोधण्यात अर्थ नाही. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन एकदा तपासून घ्या. बाबांचं पोषण सुधारतंय का हे पाहायचं असेल तर आठवड्याचं वजन, दंडाचा घेर, पाठीवर आणि टाचेवर जखम होतेय का, आणि फिजिओथेरपिस्टने बसवलं की ते किती वेळ तग धरतात, याची नोंद ठेवा. हातात पैसे मोजके असतील तर मी ते पेप्टाइडच्या डब्यापेक्षा फिजिओथेरपीवर खर्च करायला सांगेन. हालचाल नसेल तर कुठल्याही प्रोटीनने स्नायू भरत नाहीत.

डबा आधीच घरात आला असेल तर लेबल वाचा. 'पेप्टाइड' या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, संपूर्ण पेप्टाइड फीड. त्यात प्रोटीन, चरबी, पिष्ट, जीवनसत्त्वं, क्षार सगळं असतं आणि त्यावर माणूस पूर्णपणे राहू शकतो. दुसरी, हायड्रोलाइज्ड व्हे, म्हणजे फक्त तोडलेलं प्रोटीन. ते किती बारीक तोडलंय हे लेबलवर बहुतेक वेळा नसतंच. पेप्ट-१ दोन-तीन अमिनो आम्लांचेच तुकडे उचलतो, लांब तुकडे आतड्याला पुन्हा तोडावेच लागतात. तिसरी, कोलॅजन पेप्टाइड. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. बाकी जेवण चांगलं असताना वरून थोडं घेतलं तर घ्या, पण बाबांसारख्या रुग्णाच्या प्रोटीनचा मुख्य स्रोत म्हणून ते चालणार नाही. तोंडाने घेणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. तोडलेलं प्रोटीन चवीला कडवट लागतं, कारण साखळी तुटल्यावर तिच्या आत दडलेली कडू चवीची टोकं उघडी पडतात. पुष्कळ रुग्ण दोन घोटांनंतर पेला बाजूला ठेवतात. थंड करून दिलं तर थोडं सुसह्य होतं.

एवढं सगळं करूनही जुलाब राहिले तर मात्र पेप्टाइडला माझा विरोध नाही. औषधं बदलली, खडा नाही, शौचाची तपासणी नॉर्मल, स्वच्छता आणि वेग सांभाळला, तरीही रोज चार-पाचदा पातळ होतंय आणि वजन उतरतंय, अशी स्थिती आली तर डॉक्टरांना शौचातलं इलॅस्टेस तपासायला सांगा आणि चार-पाच दिवस संपूर्ण पेप्टाइड फीड देऊन बघा. त्या दिवसांत दुसरं काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. रोज किती वेळा झालं, किती पातळ, किती फीड गेलं, हे एका वहीत लिहा. फरक पडला तर पुढे चालू ठेवा आणि काही आठवड्यांनी पुन्हा साध्या फीडवर यायचा प्रयत्न करा. नाही पडला तर बंद करा.

फीड वाढवण्याआधीची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बाबा दोन आठवडे निम्म्या कॅलरीवर आहेत. उद्यापासून एकदम दीड हजार सुरू करू नका. उपाशी शरीरात अन्न झपाट्याने गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि पातळ जुलाबांत पोटॅशियम आधीच जात असतं. वाढवायच्या आधी या तिन्हींची रक्ततपासणी करा, डॉक्टरांना विचारून बी-१ जीवनसत्त्व सुरू करा, मग दर एक-दोन दिवसांनी २०० कॅलरी अशा बेताने आठवडाभरात पूर्ण आकड्यावर या आणि त्या आठवड्यात निदान दोनदा तपासणी पुन्हा करा. मध्येच छातीत धडधड, नवा अशक्तपणा, गोंधळलेपणा, धाप किंवा पायावर सूज दिसली, लघवी फार कमी झाली, शौचात रक्त आलं किंवा पोट फुगून फीड वर यायला लागलं, तर फीड थांबवून त्यांना सरळ रुग्णालयात न्या. औषधांची पिशवी आणि ती वही सोबत ठेवा.